लंडनची फुकट म्युझियम्स, आईचे गुडघे आणि बाबांची यादी

अबोली_२ (७ मे, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे.

नवऱ्याला कंपनीने तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलंय, ईलिंगला घर दिलंय. राहण्याचा खर्च वाचतोय म्हणून आईबाबांना आणि लेकाला (वय ८) घेऊन जूनमध्ये दहा दिवस जातेय. विमान आणि व्हिसा यातच कंबर मोडलीय, तेव्हा तिथे प्रत्येक दारात पाकीट उघडायची ताकद नाही. पौंडाला शंभराच्या वर रुपये जातात हे आठवलं की चहासुद्धा गोड लागणार नाही.

बाबा एस.टी.च्या हिशेब खात्यातून निवृत्त. वय ७१. त्यांनी डायरीत म्युझियमांची यादी केलीय. सत्तावीस! प्रत्येक नावापुढे 'फुकट' किंवा 'सशुल्क' असा शेरा आणि लाल पेनने खुणा. आईचे गुडघे दुखतात, तिला जिने नकोत. लेकाला फक्त डायनासोर हवाय. नवरा ऑफिसात, म्हणजे फिरायला आम्ही चौघंच.

तर, ही म्युझियम्स खरंच फुकट असतात की आत गेल्यावर चिमटा बसतो? बुकिंग लागतं का? आणि सत्तावीसची निदान दहा कशी करू?

गंपू

सत्तावीस?? बाबांना साष्टांग नमस्कार सांगा. मी तीस वर्षं पुण्यात राहतो आणि केळकर म्युझियम अजून आतून बघितलेलं नाही.

तिकीटबाबू

पंधरा वर्षं इथे आहे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतो, आता इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

खरंच फुकट. ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट), नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी, दोन्ही टेट कलादालनं, इम्पीरियल वॉर म्युझियम, यांच्या कायमच्या संग्रहाला दमडी लागत नाही. पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. चिमटा बसतो तो खास प्रदर्शनांना. त्यांचे भलेमोठे फलक दारातच असतात, तिकिटाची खिडकीही तिथेच, आणि नवखा माणूस तीच मुख्य रांग समजून उभा राहतो. तिकडे न बघता सरळ आत चालू लागायचं.

हे कायम असं नव्हतं. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं ते फुकटच, पण तेव्हा आधी अर्ज करून प्रवेशाची चिठ्ठी मिळवावी लागे. १९७४ला सरकारने तिकीट लावलं, तीन महिन्यांत सरकार बदललं आणि तिकीटही गेलं. मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्ही अँड ए यांनी पैसे घ्यायला सुरुवात केली. ते थांबलं डिसेंबर २००१मध्ये. यातली एक गंमत बाबांना आवडेल, हिशेबाची आहे. तिकीट लावणाऱ्या म्युझियमला खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळायचा, फुकट ठेवणाऱ्याला मिळायचा नाही. म्हणजे दार उघडं ठेवणाऱ्यालाच दंड! तो नियम २००१ला बदलला तेव्हा कुठे गाडं पुढे गेलं.

बुकिंग: नॅचरल हिस्टरी आणि ब्रिटिश म्युझियमचं वेळ ठरलेलं फुकट तिकीट ऑनलाइन मिळतं. सक्तीचं नाही, पण काढाच. शाळांच्या सुट्ट्यांत रांग रस्त्यावर येते. दारात दानपेटी असते, 'पाच पौंड द्या' असं सुचवलेलं असतं. नाही टाकले तरी कोणी डोळे वटारत नाही. आणि शहर दाखवणारे ते महागडे पास घेऊ नका. तुमच्या यादीतलं अर्धंअधिक असंही फुकट आहे, पास कशाचा काढताय?

खडूस_आजोबा

फुकट कसलं हो? आपल्याच वस्तू आपल्याला दाखवतात. वर पैसे घेतले असते तर कमालच होती.

पंक्चर

आजोबा आले. मी पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत.

लंडनची_सून

अबोली, गुडघ्यांचं मी सांगते. सासूबाईंना घेऊन सगळं पालथं घातलंय.

मोठ्या म्युझियममध्ये घडीची हलकी स्टुलं मिळतात, फुकट. माहितीच्या टेबलावर विचारायचं, खांद्याला अडकवायचं आणि जिथे चित्र आवडेल तिथे मांडून बसायचं. व्हीलचेअरही उसनी देतात. सासूबाई आधी रुसल्या, "मी काय पांगळी आहे का?" तासाभराने इजिप्तच्या दालनात स्वतःच हळूच म्हणाल्या, "त्या गाडीचं विचार गं जरा." नंतर तर गाडीला लोक वाट करून देतात हे कळल्यावर त्या उतरायलाच तयार होईनात.

ईलिंगहून ट्यूबची (भुयारी रेल्वेची) डिस्ट्रिक्ट लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला जाते, तीन मोठी म्युझियम्स तिथेच आहेत. पण त्या स्टेशनवर जिने आहेत. आईंसाठी अर्ल्स कोर्टला उतरा, तिथे लिफ्ट आहे, आणि ७४ नंबरची बस धरा. बसचं भाडं २०२५मध्ये १.७५ पौंड होतं, पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर बस आणि ट्यूबमध्ये फुकट. मात्र प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर तिघं टुकटुक करून चढता येत नाही, आम्ही करून बघितलंय, ड्रायव्हरने फार प्रेमाने समजावलं.

स्वल्पविराम

दहा दिवस, सत्तावीस म्युझियम्स. मी बाबांच्या विरोधात बोलणार आहे, आधीच माफी मागतो.

तिकीट काढलं की आपल्यातला माणूस बदलतो. पैसे वसूल झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही! पाय तुटोत, डोळे मिटोत, शेवटच्या दालनातल्या शेवटच्या बरणीपर्यंत जायचंच. फुकटात हा जाच नसतो. पंधरा मिनिटांत बाहेर पडलं तरी जीव कळवळत नाही. ही चैन आहे, आणि ती तिथे कोणालाही करता येते.

मी होल्बर्नजवळ नोकरीला होतो. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटं. लिंकन्स इन फील्ड्समध्ये सर जॉन सोन नावाच्या आर्किटेक्टचं घर आहे, त्याने १८३३ साली पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की माझ्या मागे घर आहे असंच ठेवायचं आणि लोकांना दाखवायचं. आत पाऊल ठेवलं की हातातली पिशवी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात, कारण दोन्ही बाजूंना इतक्या मूर्ती, कलश, तुटके हातपाय की खांदा वळवला तर दोन हजार वर्षांचं नुकसान. तळघरात सेती पहिला या फेरोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, शवपेटी आहे, पांढऱ्या अलाबास्टर दगडाची. ब्रिटिश म्युझियमला ती महाग वाटली, या गड्याने १८२४ला दोन हजार पौंड मोजून घेतली. आणि चित्रांची खोली! एवढीशी. भिंतीवर होगार्थ या इंग्रज चित्रकाराची चित्रं. तुम्ही बघून वळणार तेवढ्यात तिथला माणूस येतो, भिंतीला हात घालतो आणि कपाटाचं दार उघडावं तशी भिंत उघडते. आत आणखी चित्रं. मग तीही उघडते.

सहा महिन्यांत मी तिथे किती वेळा गेलो ते मोजलं नाही. एका वेळी एकच खोली. सोमवार-मंगळवार बंद असतं. जिने अरुंद आहेत, आईंना तळमजल्यावरच ठेवा.

निशिगंध_७

स्वल्पविराम, लिहिलंय झकास, पण पटलं नाही. तुम्ही तिथे राहत होतात. आयुष्यात एकदा, दहा दिवसांसाठी जाणाऱ्याला 'एकच खोली बघा' सांगणं म्हणजे पोट भरलेल्याने उपासाचे फायदे सांगणं. पुन्हा कोण नेणार आहे आईबाबांना? आम्ही एका दिवसात तीन म्युझियम्स केली आणि मजा आली.

स्वल्पविराम

टोला मान्य. पण खरं सांगा, त्या तिन्हींतलं आता काय काय आठवतं?

निशिगंध_७

ममी. आणि पायाचे फोड.

पंक्चर

=))))

दगडधोंडे

ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे इजिप्तच्या रोझेटा दगडापाशी एकमेकांच्या डोक्यावरून फोटो काढत असतात. काचेत चार लिपी कमी आणि मोबाइल जास्त दिसतात. लेकाला घेऊन सरळ पलीकडच्या पहिल्या दालनात, एनलायटनमेंट गॅलरीत जा. तिथे त्याच दगडाची प्रतिकृती आहे, तिला हात लावता येतो. अक्षरांवरून बोट फिरवता येतं. शिवाय तिथे एक टेबल असतं, मागे स्वयंसेवक. तो खऱ्या जुन्या वस्तू तुमच्या हातात देतो. माझ्या मुलीच्या तळहातावर एकाने दगडी हत्यार ठेवलं आणि म्हणाला, अंगठा कुठे बसतो बघ. तिने फिरवून फिरवून बघितलं आणि एका खाचेत अंगठा असा बसला की जणू तिच्यासाठीच घडवलंय. पोरगी पाच मिनिटं बोलली नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे.

मग ३३ नंबरचं दालन. श्रीलंकेची सोनेरी तारा, जवळपास माणसाएवढी उंच. आणि शेजारी अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीचे शिलापट, आंध्रातले. तिथे गर्दी नसते. आजोबांचा मुद्दा मला तिथे उभं राहिल्यावर कळतो, हेही सांगतो.

बाय द वे, वर चुकलो, रोझेटावर लिपी तीन आहेत, चार नाहीत. चौथी मीच लिहून गेलो. ग्रीक, डेमोटिक आणि चित्रलिपी.

तिकीटबाबू

चौथी मोबाइलच्या कव्हरवरची असेल.

खडूस_आजोबा

दगडधोंडेंनी निदान कबूल तरी केलं. वाघनखांचंच घ्या. जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. आपल्याच घरी आपलीच वस्तू उसनी!

निशिगंध_७

आजोबा, ती महाराजांनी त्या दिवशी वापरलेलीच का, हे व्ही अँड एसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. ती साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) ग्रँट डफच्या घराण्याकडून तिथे गेली एवढंच सांगतात.

खडूस_आजोबा

घराण्याकडे कुठून गेली? बिग बाजारातून?

मुळशीकर

मुद्दा जरा वेगळीकडे नेतो. परदेशी माणसाकडून जास्त पैसे घ्यायची टूम सगळीकडे निघतेय. पॅरिसच्या लूव्र म्युझियमने जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरच्या बहुतेकांना ३२ युरो केले, तिथल्यांना २२. लंडनमध्येही अधूनमधून ही चर्चा उठते. आणि आपण नाकं मुरडायची नाहीत, ताजमहालला आपण ५० रुपये देतो आणि परदेशी पाहुण्याकडून ११०० घेतो. त्या हिशेबाने लंडनने अबोलीच्या आईबाबांना फुकट सोडणं हा मोठेपणाच झाला.

खडूस_आजोबा

मोठेपणा? टिपूचा वाघ काय त्यांनी लाकूड आणून घरी केला?

लंडनची_सून

व्ही अँड एतल्या टिपूच्या वाघावरून आठवलं. लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या नरड्यावर बसलाय, आणि पोटात ऑर्गन आहे. श्रीरंगपट्टण पडलं १७९९ला, त्यानंतर तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत ठेवला होता. कोणीही यावं आणि हँडल फिरवून वाघाला गुरगुरायला लावावं. शेजारीच कंपनीचं वाचनालय, वाचणारे वैतागले. पुढे ते हँडलच गायब झालं. मला कायम वाटतं, एखाद्या ग्रंथपालानेच काढून खिशात घातलं असणार.

अबोली, व्ही अँड एला जाण्याआधी कुठलं दालन बंद आहे ते साइटवर बघून जा. काही ना काही डागडुजी चालूच असते.

संपादक

वाघनखं, लूट, परतफेड यावर वेगळा धागा काढावा. इथे अबोलीताईंचे गुडघे आणि बजेट.

अबोली_२

गुडघे माझे नाहीत हो, आईचे! पण धन्यवाद सगळ्यांना. बाबांना धागा वाचून दाखवला. व्हॅटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. स्वल्पविरामांचं ऐकून म्हणाले, "हा गृहस्थ कामाच्या वेळेत बाहेर फिरत होता." यादी आता एकोणीसवर आलीय.

जेवणाचं काय करायचं? रोज बाहेर खाल्लं तर म्युझियम फुकट राहून काय उपयोग.

लंडनची_सून

डबा! नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियममध्ये घरचं खायला जागा आहे. ऊन असेल तर हाइड पार्क चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पण भारतातून नेताना एक लक्षात ठेव, दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप बॅगेत नको. मेतकूट, चटण्या, खाकरे चालतात.

गंपू

दशमी दुधात भिजवतात. ती कुठल्या रकान्यात?

तिकीटबाबू

ती पोटाच्या रकान्यात, विमानातच संपवायची.

पंक्चर

कोहिनूर कोणी काढलाच नाही अजून?

मुळशीकर

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर आहे. हिऱ्यासमोर सरकता पट्टा आहे, उभं राहिलात तरी पुढे नेऊन सोडतो. तीस पौंडांत वीस सेकंद. मी पट्ट्यावर तीनदा गेलो. वसुली, दुसरं काय. (स्वल्पविराम, हसू नका.)

निशिगंध_७

पैसे घेणाऱ्या जागांमधली एक वाट सांगते. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स दोन्हीकडे तिकीट भरपूर आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हनसाँगला, बसायला पैसे नाहीत. कॉयर गाते. आम्हाला कळलं काही नाही, पण उंच छतावरून तो आवाज खाली येतो तेव्हा अंगावर काटा येतो. मात्र ती प्रार्थना आहे, तेव्हा फोटो नाही, मधेच उठून भटकणं नाही. आपल्या देवळात आरतीच्या वेळी कोणी मागून फ्लॅश मारला तर आपल्याला कसं वाटेल तसंच. आईंना बसायलाही मिळेल.

भीमथडी

यादीत एक नाव आहे का ते बघा. नसेल तर घाला. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून चालत. बाबासाहेब १९२१-२२मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना या घरात राहायचे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. घराचं संग्रहालय करण्यावरून तिथल्या नगरपालिकेशी वाद झाला, शेवटी २०२०मध्ये परवानगी मिळाली. प्रवेशाला पैसे नाहीत.

रांगेतल्या इतर घरांसारखंच घर आहे, लांबून वेगळं कळत नाही. निळी गोल पाटी दिसली की थांबायचं. मी गेलो तेव्हा आत आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं, नागपूरचं. त्यातल्या आजींनी चपला बाहेर पायरीवर काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. मग आम्हीही काढल्या.

आणि ब्रिटिश म्युझियममध्ये काचेच्या छताखाली मधोमध जी गोल इमारत आहे, ते जुनं वाचनालय. बाबासाहेब तिथे बसून वाचायचे. लेकाला ते आवर्जून दाखवा.

अबोली_२

यादीत नव्हतं. बाबांनी आत्ता निळ्या पेनने लिहिलं. लाल पेन खुणांसाठी राखीव आहे म्हणे.

दगडधोंडे

भीमथडी, _/\_

कापूसकोंड्या

दोन ओळींत माझे दोन पैसे. हॉर्निमन म्युझियम, फॉरेस्ट हिल. तिथला पेंढा भरलेला वॉलरस. शंभरावर वर्षं झाली त्याला. खऱ्या वॉलरसच्या अंगावर सुरकुत्या असतात हे भरणाऱ्यांना माहीतच नव्हतं, त्यांनी चामडी गुळगुळीत होईपर्यंत ठासली. लग्नानंतरच्या माझ्या फोटोंसारखा दिसतो. (त्याचं दालन दुरुस्तीसाठी बंद होतं, उघडलंय का बघून जा.)

सुईदोरा

कापडांची आवड असेल तर व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस. ऑलिम्पिक पार्कात, मे २०२५मध्ये उघडलं. म्युझियमचं गोदामच आहे ते, अडीच लाखांवर वस्तू, फडताळांवर, खोक्यांत, लोखंडी जाळ्यांवर. बरंचसं पाटीविना. मधल्या काचेच्या जमिनीतून खाली बघितलं तर आग्र्याच्या किल्ल्यातले संगमरवरी खांब दिसतात. (आजोबा, शांत.)

मजा अशी की ऑनलाइन यादीतून पाच वस्तूंपर्यंत निवडायच्या, दोनेक आठवडे आधी वेळ घ्यायची, आणि त्या तुमच्यासाठी काढून टेबलावर मांडतात. फुकट. मी एक जुनं दख्खनी कापड मागवलं होतं. मला वाटलं काच असेल मधे. नव्हती. वाकून बघितलं तर पदराच्या कडेला एक टाका चुकलेला, आणि पुढच्या टाक्यात तो सावरून घेतलेला. मी हातमागाशी निगडित काम करते, असे चुकलेले टाके रोज बघते. ते टाके घालणाऱ्या बाईला दुपारी कोणी हाक मारली असेल का, असं काहीतरी डोक्यात येत राहिलं. एक तास तिथेच गेला. बाकीचं गोदाम बघितलंच नाही.

निशिगंध_७

सुईदोरा, हे वाचून मी स्वल्पविरामांच्या बाजूला दोन इंच सरकले. दोनच.

स्वल्पविराम

नोंद घेतली.

गंपू

वाचनखूण साठवली. जायचं कधी ते माहीत नाही. आधी केळकर म्युझियम.

अबोली_२ (२८ जून, दुपारी ४:०५)

परत आले! आधी आभार, मग वृत्तांत.

यादीतली नऊ झाली. पहिल्याच दिवशी नॅचरल हिस्टरी. वेळेचं तिकीट होतं म्हणून रांगेतून सुटलो. मोठ्या हॉलमध्ये निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा वर टांगलाय, लेक मान वर करून म्हणाला, "हा डायनासोर नाहीये." मग डायनासोरपाशी गेलो, तिथला हलणारा टी-रेक्स गुरगुरला आणि हा माझ्या मागे लपला. दहा महिने ज्याच्यासाठी हट्ट चालला होता तो दोन मिनिटांत संपला. त्याला खरं आवडलं ते सायन्स म्युझियममधलं अपोलो १० यान. चंद्राला चक्कर मारून आलेलं, खालून होरपळलेलं. "आई, हे जळलेलं खरं आहे का?" असं चार वेळा विचारलं.

आईने स्टूल घेतलं आणि व्ही अँड एच्या कास्ट कोर्टात (प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या दालनात) ठाण मांडलं. तिथे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पूर्ण उंचीची प्रतिकृती आहे. राणी व्हिक्टोरिया किंवा घराण्यातलं कोणी येणार असलं की त्याला प्लास्टरचं एक पान अडकवायचे, ते पान मागे काचेत ठेवलंय. आईने ते शोधून काढलं आणि दोन अनोळखी जपानी बायकांना खुणांनी समजावून सांगितलं. तिघी हसून लाल. आईला गुडघे आठवले ते बाहेर पडल्यावर.

सोनच्या घरात आईही आली, ऐकते कुठली. तिची पर्स पारदर्शक पिशवीत गेली. गुडघ्याचं मलम, खाकऱ्यांची पुडी, जपमाळ, सगळं सगळ्यांना दिसत होतं. ती अर्धा वेळ पिशवी पदराखाली लपवत होती. चित्रांची भिंत उघडली तेव्हा बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एका भिंतीच्या जागेत तीन भिंती. जागा वाचवलीय माणसाने." स्वल्पविराम, यापेक्षा मोठी दाद त्यांच्याकडून कोणालाच मिळालेली नाही.

एक फजिती. शेवटच्या दिवशी सामान घेऊनच निघालो होतो, म्हटलं विमानाला वेळ आहे तर आणखी एक म्युझियम. दारातच अडवलं, चाकांची बॅग आत चालत नाही. बाबांनी मराठी-हिंदी-इंग्रजीत वाद घातला, उपयोग शून्य. मग आई आणि मी बॅगांवर बसलो आणि बाबा-लेक आत जाऊन वीस मिनिटांत आले. बॅगांचा नियम आधी साइटवर बघा हो.

किंग हेन्रीज रोडला गेलो. चपला आम्हीही काढल्या. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, पण बाबा त्या दिवशी डायरीत काही लिहीत नव्हते.

बाकी डायरी चालूच. विमानात त्यांनी शेवटचा हिशेब मांडला: माणशी वीस पौंड तिकीट असतं असं धरून, नऊ म्युझियम्स, तीन पूर्ण आणि लेकाचं अर्धं. एकूण ६३० पौंड वाचले. खाली दोन रेघा मारून सही.

तिकीटबाबू

सही!! बाबांना पुढच्या वेळी माझ्याकडे उतरायला सांगा.

लंडनची_सून

डेव्हिडचं पान मी चार वेळा जाऊनही बघितलं नव्हतं. आईंना सांग, या रविवारी जातेय.

खडूस_आजोबा

दानपेटीत किती टाकले?

अबोली_२

लेकाने खाऊच्या पैशांतला एक पौंड टाकला, अपोलोपाशी. बाबांनी तो खर्चाला दाखवलाय.

गंपू

अबोली, हिशेब चुकलाय. बाबा ७१, म्हणजे एस.टी.त ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट. तू आणि आई महिला, अर्धं तिकीट. लेक अर्धं. चारही अर्धी! वाचले फक्त ३६० पौंड.

अबोली_२

दाखवलं बाबांना. लाल पेन शोधतायत.